दुसऱ्याच्या तानेवर आपले शब्द : ॲनी रॉस



आजचा विषय फलकावर वाचून काही जणांच्या भुवया वर गेल्या असतील. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, आणि बोलणार कशावर, तर जॅझ गाणाऱ्या एका स्कॉटिश बाईवर! त्याचं कारण आधीच सांगून टाकतो. आम्ही जन्मभर वर्गात एक प्रश्न शिकवला : 'माझं' म्हणजे काय? माझं शरीर, माझं नाव, माझा विचार, माझी कृती यांतलं खरोखर माझं किती? हा प्रश्न आम्ही पुस्तकांतून शिकवत राहिलो. निवृत्तीनंतर जुनं संगीत निवांत ऐकायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की एका बाईनं हाच प्रश्न आयुष्यभर गळ्यात वागवला होता. तिचं नाव ॲनी रॉस.

आधी तिची कला काय होती ते समजून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. जॅझमध्ये एखादी धून घेतात आणि वादक आळीपाळीनं तिच्यावर आपली उपज करतात. त्याला 'सोलो' म्हणतात. सोलो लिहिलेला नसतो, त्या क्षणी सुचलेला असतो. उद्या तोच वादक तीच धून वाजवेल तेव्हा सोलो वेगळा असेल. पण तबकडी आली आणि एक विचित्र गोष्ट घडली. क्षणात सुचलेलं कायमचं जागच्या जागी थांबलं. लोक ते पुन्हापुन्हा ऐकायला लागले, त्यांना ते पाठ झालं. मग काहींनी असं केलं की त्या सोलोच्या प्रत्येक सुराला एकेक अक्षर दिलं, अर्थ असलेले शब्द बसवले आणि तो अख्खा सोलो गळ्यातून गायला. याला नाव पडलं 'व्होकलीज'.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. 1916 च्या 'स्वयंवर' नाटकात भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या आणि खाडिलकरांनी पदं रचली. ख्यालातल्या चिजेच्या चालीवर मराठी शब्द बसवणं आपल्याला नवं नाही. पण तिथे शब्द बसले ते बंदिशीवर. ताना मोकळ्याच राहिल्या. आता कल्पना करा, एखाद्यानं जुन्या तीन मिनिटांच्या तबकडीवरच्या नेमक्या तानांवरच शब्द लिहिले, एकही सूर न गाळता, आणि ते शब्द एखाद्या गोष्टीसारखे सलग वाचता येतात. व्होकलीज म्हणजे हे. उपजेलाच बंदिश करायची. त्यात घशाची परीक्षा आहे, जिभेची आहे आणि लिहिणाऱ्याच्या अकलेची तर आहेच.

आता ही बाई कोण, ते पाहू. 25 जुलै 1930 रोजी तिचा जन्म झाला, लंडनजवळच्या मिचम या गावात. म्हणजे जन्मभूमी इंग्लंड. मग स्कॉटिश कशी? घरामुळे. आईवडील दोघंही स्कॉटलंडचे, म्युझिक हॉलच्या रंगमंचावर गाणारी-नाचणारी, विनोद करणारी जोडी. 'शॉर्ट अँड डॅल्झील' या नावानं ते खेळ करायचे. फिरतीवरच्या कलावंतांची मुलं मुक्काम असेल तिथे जन्मतात. तंबूत वाढलेल्या आपल्या तमासगिरांच्या मुलांसारखंच ते. तिचं पाळण्यातलं नाव ॲनाबेल शॉर्ट. तिचा थोरला भाऊ पुढे जिमी लोगन या नावानं स्कॉटलंडभर गाजलेला विनोदी नट झाला.

हे 'लोगन' आडनाव आलं मावशीकडून. एला लोगन ही ग्लासगोची गायिका, तीसच्या दशकात अमेरिकेला गेली आणि जुन्या स्कॉटिश गाण्यांना झुलत्या जॅझ ठेक्यावर गाऊन तिनं नाव कमावलं. 1947 चं 'फिनियन्स रेनबो' हे ब्रॉडवेवरचं नाटक तिच्या कीर्तीचा कळस.

ॲनाबेल चार वर्षांची असताना आईवडिलांनी मुलांना घेऊन न्यूयॉर्कची बोट धरली. तिथे पॉल व्हाइटमन या बँडप्रमुखाच्या रेडिओवरच्या मुलांच्या स्पर्धेत ती जिंकली आणि बक्षीस म्हणून तिला एमजीएम या चित्रपट कंपनीचा करार मिळाला. आईवडील स्कॉटलंडला परतले. मुलगी राहिली मावशीपाशी, लॉस एंजेलिसला. पुढची चौदा वर्षं मायलेकींची गाठ पडली नाही.

हे वाक्य आम्ही मुद्दाम कोरडं ठेवलं आहे. मुलीचं कल्याण व्हावं म्हणूनच तिला ठेवून गेले, असं आपण म्हणू शकतो, आणि ते खरंही असेल. पण चार वर्षांच्या पोरीला कल्याण कळत नाही, आई गेली एवढंच कळतं.

1937 साली, सात वर्षांची असताना, ती पडद्यावर आली. 'अवर गँग' ही त्या काळी लोकप्रिय असलेली लहान मुलांची विनोदी चित्रमालिका. तिच्यातल्या 'अवर गँग फॉलीज ऑफ 1938' या छोट्या चित्रपटात ही चिमुरडी 'लॉख लोमंड' गाते. लॉख लोमंड हे ग्लासगोच्या उत्तरेचं मोठं सरोवर, आणि ते गाणं म्हणजे घरी परतण्याच्या वाटेचं, ताटातुटीचं स्कॉटिश लोकगीत. त्याच वर्षी मॅक्सिन सुलिव्हन या कृष्णवर्णीय गायिकेनं ते स्विंग ठेक्यात गाऊन अमेरिकेत गाजवलं होतं. म्हणजे बघा, गाणं स्कॉटलंडचं, ठेका कृष्णवर्णीय अमेरिकेचा, आणि गाणारी मुलगी कॅलिफोर्नियात आईपासून दूर राहिलेली. घरी जाण्याचं गाणं ती त्या ठेक्यात हसतहसत म्हणते. आम्ही ती फीत पाहिली तेव्हा थक्क झालो. तिचा ताल पक्का आहे, शब्दफेक मोठ्या बाईसारखी आहे. जी गोष्ट तिला आयुष्यभर करायची होती, दुसऱ्याच्या सुरात आपला आवाज मिसळायची, ती तिथेच सुरू झालेली दिसते.

1943 मध्ये 'प्रेझेंटिंग लिली मार्स' या चित्रपटात ती जूडी गार्लंडची धाकटी बहीण झाली. चौदाव्या वर्षी तिनं 'लेट्स फ्लाय' नावाचं गाणं लिहून स्पर्धा जिंकली, आणि जॉनी मर्सर या नामवंत गीतकार-गायकानं ते ध्वनिमुद्रितही केलं. शाळा मात्र अर्ध्यावर सुटली. मावशीच्या घरात नाव होतं, पैसा होता, माया नव्हती असं ती पुढे सांगत असे. तिनं ते घर सोडलं, नाव बदललं आणि युरोप गाठला. शॉर्ट होती, लोगन झाली, आता रॉस. पहिलं नाव आईबापांनी दिलेलं, दुसरं मावशीकडून आलेलं, तिसरं स्वतः घेतलेलं.

युद्धानंतरचं पॅरिस हे अमेरिकी कृष्णवर्णीय वादकांना मोकळा श्वास देणारं शहर होतं. मायदेशी ज्या हॉटेलात वाजवायचं त्याच हॉटेलात जेवायला बंदी. इथे तसं नव्हतं. त्या मंडळींत ॲनी वावरली. केनी क्लार्क हा बीबॉप शैलीचा पाया घालणाऱ्यांपैकी एक ड्रमवादक. त्याच्याशी तिचं प्रेम जमलं, त्यांना मुलगा झाला. तो मुलगा वाढला क्लार्कच्या नातलगांकडे, अमेरिकेत. ज्या मुलीला आईनं मागे ठेवलं होतं, तिनं आपलं मूल मागे ठेवलं. इथे न्यायाधीश होण्याचा मोह होतो. आम्ही तो टाळतो, पण घटना लपवतही नाही. ती पुढे एका चित्रपटाच्या निमित्तानं पुन्हा आठवावी लागेल.

आता 1952. स्थळ न्यूयॉर्क, ॲनी बावीस वर्षांची, हातात पैसे नाहीत. 'प्रेस्टिज' या जॅझ रेकॉर्ड कंपनीचा मालक बॉब वाइनस्टॉक. त्याच्याकडे त्या वर्षी किंग प्लेझर या गायकाची एक तबकडी धो धो चालली होती. जेम्स मूडीच्या सॅक्सोफोन सोलोवर शब्द, म्हणजे व्होकलीजच. गंमत अशी की ते शब्द किंग प्लेझरचे नव्हतेच. ते एडी जेफर्सन या कलावंताचे; या कलेचा खरा आद्य पुरुष तो. सोलो एकाचा, शब्द दुसऱ्याचे, गाजला तिसरा! वाइनस्टॉकनं ॲनीला विचारलं, असं काही लिहिता येईल का? तिला काही तबकड्या दिल्या. एका रात्रीत शब्द लिहून दुसऱ्या दिवशी ती हजर.

तिनं निवडला होता 'ट्विस्टेड', वॉर्डेल ग्रे या टेनर सॅक्सोफोन वादकानं 1949 मध्ये ध्वनिमुद्रित केलेला बारा मात्रापट्ट्यांचा ब्लूज. 'ट्विस्टेड' म्हणजे वाकडं, पीळ पडलेलं. एवढ्या शीर्षकाच्या धाग्यावरून तिनं एक बाई उभी केली. मनोविश्लेषक तिला म्हणतो आहे की तुझं डोकं ठिकाणावर नाही. आणि बाई त्याला बजावते आहे की मी लहानपणापासून तुम्हा सगळ्यांपेक्षा शहाणी आहे, तुम्हालाच ते दिसत नाही. ग्रेच्या सोलोत जिथे सूर उसळून वर जातात तिथे बाईचा पारा चढतो, जिथे सूर घसरत खाली येतात तिथे ती गुपित सांगितल्यासारखी बोलते. एकही सूर ॲनीचा नाही. पण गाणं ऐकल्यावर ती बाई तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाची वाटत नाही. अमेरिकेत मनोविश्लेषणाचं पेव फुटलं होतं, तेव्हा एका तरुण मुलीनं डॉक्टरच्या खुर्चीलाच प्रश्न विचारावा हेही त्या काळात धीटपणाचं होतं. त्या तबकडीनंतर 'डाउनबीट' मासिकानं तिला नवोदित गायिकेचा मान दिला.

इथे थोडं थांबून हिशेब करू. वॉर्डेल ग्रे 1955 साली लास व्हेगासजवळ वाळवंटात मृतावस्थेत सापडला, वय अवघं 34. त्याच्या उपजेवर एका गोऱ्या मुलीचं नाव झालं, ही खंत कुणी मांडली तर ती खोटी नाही. अमेरिकी संगीताच्या इतिहासात कृष्णवर्णीयांचं घेऊन गोऱ्यांनी गाजवल्याची उदाहरणं कमी नाहीत. पण इथे फरक दोन. एक, 'ट्विस्टेड'चं श्रेय दोघांच्या नावावर लागलं. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. तिनं ग्रेचा सोलो वापरला तो सजावटीसाठी नव्हे. तिनं तो जसाच्या तसा सांभाळला. 1974 मध्ये जोनी मिचेलनं आपल्या 'कोर्ट अँड स्पार्क' या अल्बमात 'ट्विस्टेड' गायलं. जॅझशी काही संबंध नसलेल्या लाखो तरुणांच्या कानांवर, त्यांना न कळत, मेलेल्या वॉर्डेल ग्रेची उपज पडली. ॲनीच्या शब्दांनी ती तिथवर पोहोचवली.

1957 मध्ये तिच्या आयुष्यातलं मोठं काम उभं राहिलं. डेव्ह लँबर्ट हा गायक-संयोजक आणि जॉन हेंड्रिक्स हा विलक्षण शब्दकार. दोघांना काउंट बेसीच्या बँडचं संगीत, अख्ख्या ताफ्यासकट, माणसांच्या आवाजात उतरवायचं होतं. हेंड्रिक्सनं शब्द लिहिले, लँबर्टनं मांडणी केली, आणि स्टुडिओतले सराईत गायक-गायिका बोलावले. त्यांना बेसीचा झोल शिकवायला ॲनीला नेमलं. ते गायक कागदावरचा सूर अचूक वाचायचे, पण झोल काही केल्या येईना. ताल मोजता येणं वेगळं आणि अंगात असणं वेगळं, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. पैसे संपत आले. शेवटी तिघांनीच ठरवलं, सगळे आवाज आपणच गाऊ. फितीवर एक थर ध्वनिमुद्रित करायचा, तो ऐकत त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. ट्रम्पेटच्या उंच किंकाळ्या ॲनीच्या वाट्याला आल्या. साथीला बेसीच्याच बँडमधले गिटारवादक, बासवादक आणि ड्रमवादक होते. असा 'सिंग अ साँग ऑफ बेसी' तयार झाला.

तो इतका गाजला की प्रयोगापुरते जमलेले तिघं 'लँबर्ट, हेंड्रिक्स अँड रॉस' हा संच बनून जगभर फिरले. दोन पुरुष, एक बाई. एक कृष्णवर्णीय, दोन गोरे. हा संच अमेरिकेच्या दक्षिणेत वंशभेदाचे कायदे चालू असतानाच्या काळातला आहे, हे विसरू नका. 1962 मध्ये त्यांच्या 'हाय फ्लाइंग' या अल्बमाला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

आणि त्याच वर्षी ॲनी संचातून बाहेर पडली. हेरॉइननं तिला पोखरलं होतं. त्या पिढीतले कितीतरी जॅझ कलावंत त्या विषानं खाल्ले. युरोपच्या दौऱ्यातून ती लंडनला राहिली, ती बरी होण्यासाठी. तिच्या जागी संचात आली योलांडे बावन, तेव्हाच्या सिलोनची, म्हणजे श्रीलंकेची. लँबर्ट 1966 मध्ये महामार्गावरच्या अपघातात गेला आणि जुना संच पुन्हा उभा राहण्याची आशा मावळली.

बहुतेक चरित्रं इथे संपतात. आम्हाला मात्र पुढचा भाग जास्त शिकवून गेला. व्यसन सुटलं. 1963 मध्ये तिनं एका नटाशी लग्न केलं, 1964 मध्ये लंडनला 'ॲनीज रूम' नावाचा क्लब काढला. तिथे नीना सिमोन, ॲनिटा ओडे यांच्यासारख्या गायिका गाऊन गेल्या. क्लब फार वर्षं चालला नाही. 1975 मध्ये लग्न मोडलं, घर गेलं, दिवाळं निघालं. आवाजाची पट्टीही खाली आली. ट्रम्पेटशी झुंजणारा तो उंच आवाज पुन्हा यायचा नव्हता. अशा वेळी ती मिळेल ते काम करत राहिली. ब्रेख्त आणि कुर्ट व्हाइलच्या 'थ्रीपेनी ऑपेरा'त लंडनला काम केलं, भयपटांत केलं, 'सुपरमॅन 3' मध्ये खलनायकाची बहीण झाली.

त्यातलं एक काम ऐकून गंमत वाटेल. 1973 चा 'द विकर मॅन' हा चित्रपट एका स्कॉटिश बेटावर घडतो. त्यातली खाणावळवाल्याची मुलगी म्हणजे ब्रिट एकलंड, ही मूळची स्वीडनची. तिचे उच्चार स्कॉटिश वाटेनात. तेव्हा तिचे संवाद कुणी म्हटले? ॲनी रॉसनं. चेहरा दुसरीचा, आवाज हिचा. लहानपणी जी भाषा मागे राहिली होती, ती अशी चाळिशीत, दुसऱ्या बाईच्या ओठांवरून तिनं बोलून घेतली.

आणि 1993 मधला रॉबर्ट ऑल्टमनचा 'शॉर्ट कट्स'. रेमंड कार्व्हरच्या कथांवर तो बेतलेला आहे. पण त्यातलं एक उपकथानक कार्व्हरचं नाही, चित्रपटासाठी नव्यानं रचलेलं. टेस नावाची एक थकलेली जॅझ गायिका, रोज रात्री क्लबात गाते, जुन्या दिवसांबद्दल बोलत राहते. घरात तरुण मुलगी चेलो वाजवते, एकटी पडत जाते, आणि आईला ते ऐकूच येत नाही. मुलगी अखेर जीव देते. साऱ्या गावाला गाणं ऐकवणारी आई घरातलं ऐकू शकली नाही. टेसची भूमिका ॲनीनं केली, वयाच्या बासष्ट-त्रेसष्टाव्या वर्षी. स्वतः आईपासून तुटलेली, मुलाला दुरून वाढताना पाहिलेली बाई ती भूमिका करते, तेव्हा तिनं कुठून काय काढलं असेल हे आम्ही सांगण्याची गरज नाही. शब्द याही वेळी दुसऱ्याचेच होते.

2001 मध्ये ती अमेरिकेची नागरिक झाली. 2010 मध्ये तिला तिथला जॅझमधला सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान, 'जॅझ मास्टर', मिळाला. ऐंशी ओलांडल्यावरही ती न्यूयॉर्कच्या एका छोट्या क्लबात नेमानं गात असे. आवाज खरखरीत झालेला, अर्धं गाणं, अर्धं बोलणं. 21 जुलै 2020 रोजी, नव्वदाव्या वाढदिवसाला चार दिवस उरले असताना, ती गेली.

आता आमच्या प्रश्नाकडे. डेव्हिड ह्यूम हाही स्कॉटलंडचाच, एडिंबरोचा. 1739 मध्ये त्यानं लिहिलं, त्याचा आशय असा : मी आत डोकावतो तेव्हा 'मी' नावाची वस्तू मला कधी सापडत नाही, सापडतात ते एकामागून एक येणारे अनुभव. मन म्हणजे जणू रंगमंच, पात्रं येतात आणि जातात. वर्गात हे शिकवताना आम्ही नेहमी विद्यार्थ्यांना विचारत असू, मग माणसाचं असं काय उरतं? उत्तर आमच्यापाशीही धड नव्हतं.

ॲनी रॉसचं आयुष्य पाहिल्यावर थोडं सुचतं. तिचं नाव उसनं, ठेका उसना, सूर दुसऱ्याचे, कधी चेहराही दुसऱ्याचा. यादी केली तर तिच्या वाट्याला काहीच राहत नाही. पण 'ट्विस्टेड' लावा. पहिल्या दोन ओळींत ती ओळखू येते. माणसाचं स्वतःचं जे असतं ते वस्तूसारखं वेगळं काढून दाखवता येत नाही; मिळालेल्या सुरावर तो कोणता शब्द कुठे ठेवतो, त्यात ते दिसतं. आपल्यापैकी कुणीही आपली भाषा, आपलं घर, आपला काळ निवडलेला नाही. सोलो आधीच वाजून गेलेला असतो. शब्द मात्र आपल्याला लिहायचे असतात, आणि त्यात कुणावर अन्याय झाला तर तोही आपल्याच नावावर लागतो. तिच्याही नावावर तो लागला आहे.

घरी गेल्यावर एवढं करा. आधी वॉर्डेल ग्रेचा 'ट्विस्टेड' ऐका, नुसता सॅक्सोफोन. मग ॲनीचा. या क्रमानंच ऐका. ज्याचं आहे त्याला आधी नमस्कार, मग जिनं ते आपलं केलं तिला.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.